खाण्यात चोखंदळ असाल तर फाइन डाइनिंगला जावं का? ठरवायचं कसं

काही वर्षांपूर्वी एका वाढदिवसाच्या निमित्ताने आम्ही दोघं एका नावाजलेल्या रेस्तराँमध्ये गेलो. 11 पदार्थांचा ठरलेला मेनू होता. तिसरा पदार्थ आला तो एका खोलगट, जड बशीत. तळाशी फिकट पिवळं कस्टर्ड, त्यावर मशरूमचा तपकिरी रस आणि मधोमध शिंपल्यातला एक ओला, मऊ तुकडा. वेटरने तो पदार्थ इतक्या मनापासून समजावून सांगितला की मी चमचा उचललाच. घास जिभेवर गेला आणि तिथेच राहिला. चव चांगली होती, पण तो बुळबुळीतपणा काही केल्या गिळवेना. शेवटी पाण्याच्या घोटाबरोबर उतरवला. त्या रात्री मी 11 पैकी 4 पदार्थ नीट खाल्ले आणि पैसे 11चे भरले.

चूक रेस्तराँची नव्हती. बुकिंग करताना त्यांनी विचारलं होतं, "तुम्हाला न चालणारं काही आहे का?" मी संकोचाने "नाही" म्हणाले होते.

मी तरीही फाइन डाइनिंग सोडलं नाही. अजूनही वर्षातून एक-दोनदा जाते आणि बहुतेक वेळा तृप्त होऊन परतते. कधीकधी मात्र विचार करून बेत रद्दही करते. ठरवताना मी दोनच गोष्टी बघते: माझी जीभ नेमकं काय नाकारते आणि त्या जागी काय खायचं हे कोण ठरवतं. खालच्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत.

पायरी 1 : नकार नेमका कशाला आहे ते शोधा

एक कागद घ्या आणि अलीकडे पानात टाकलेले 10 पदार्थ आठवून लिहा. प्रत्येकापुढे एकच शब्द लिहायचा: चव, वास, स्पर्श, मिश्रण किंवा अनोळखी. "मला मशरूम आवडत नाही" एवढ्यावर थांबू नका. मशरूमचं सूप चालतं पण तुकडे चालत नाहीत, असं असेल तर नकार मशरूमला नसून त्याच्या स्पर्शाला आहे. कच्चा टोमॅटो बाजूला काढणारी आणि टोमॅटोचा सॉस आवडीने खाणारी माणसं तर घरोघरी असतात.

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे. स्पर्शासाठी आपल्या भाषेत शब्दांची श्रीमंती आहे, ती इथे वापरा. बुळबुळीत, गिळगिळीत, चिवट, वातड, पिठूळ, रवाळ, लुसलुशीत, कुरकुरीत. माझ्या यादीत 10 पैकी 7 पदार्थांपुढे "स्पर्श" आला आणि त्या सातांपुढे पहिले दोन शब्दच आळीपाळीने आले. चिवट किंवा कडू पदार्थांची मला अडचण नव्हतीच. वर्षानुवर्षं मी स्वतःला "काहीच न खाणारी" समजत होते, आणि प्रत्यक्षात माझा नकार एवढ्या लहानशा जागेत मावणारा होता.

फाइन डाइनिंगच्या स्वयंपाकघरात काही तंत्रं फार वापरली जातात, म्हणून तुमचा शब्द कोणता आहे याला महत्त्व आहे. मांस किंवा मासे पिशवीत हवाबंद करून ठरावीक तापमानाच्या पाण्यात हळूहळू शिजवतात. बीफ बहुतेकदा 55 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास, मासे त्याहूनही कमी तापमानाला. त्यामुळे मांस आतून कडेपर्यंत एकसारखं गुलाबी आणि मऊ राहतं. ज्याला मांस खरपूस आणि कोरडं लागतं, त्याला ते कच्चं वाटतं. कस्टर्ड, जेली, फेस, कच्चे किंवा अर्धवट शिजवलेले मासे हेही तिथे नेहमीचे. वासाचा त्रास असेल तर मुरवलेलं चीज आणि आंबवलेल्या भाज्या, रस यांच्याकडे लक्ष ठेवा. मिश्रणाचा त्रास असेल, म्हणजे एका पदार्थाला दुसरा लागलेला खपत नसेल, तर तुमचं काम तुलनेने सोपं आहे. सॉस वेगळा द्या म्हटलं की बऱ्याच ठिकाणी देतात.

चवीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चोखंदळ माणसाला लहानपणापासून "नखरे करतोस" हे ऐकावं लागतं. 1931 साली आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पावडर हाताळत होता. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, ही भयंकर कडू आहे. फॉक्सला कसलीच चव लागत नव्हती. दोघंही खरं बोलत होते. पुढे कळलं की हा फरक बराचसा आनुवंशिक आहे, आणि त्यामागचं मुख्य जनुक आज TAS2R38 या नावाने ओळखलं जातं. 1990च्या दशकात लिंडा बार्टोशुक यांनी ज्यांना अशा चवी फारच तीव्र लागतात त्यांच्यासाठी "सुपरटेस्टर" हा शब्द रूढ केला. तुम्हाला कडू भाज्या, कॉफी, गडद चॉकलेट असह्य होत असतील तर तुमची जीभ खरोखरच वेगळं सांगत असू शकते. शेफच्या कौशल्याने तो कडूपणा पूर्ण जाईलच असं धरून चालू नका.

आणि यादीत "अनोळखी" हाच शब्द जास्त वेळा आला असेल तर थोडं थांबा. नव्या अन्नाची धास्ती ही वेगळी गोष्ट आहे. अशा माणसासाठी आधी न सांगता एकामागून एक येणारे नवे पदार्थ म्हणजे तीन तासांची परीक्षा होते.

एक अपवाद गंभीरपणे सांगते. खाण्याच्या नकारामुळे वजन घटत असेल, पोषण कमी पडत असेल किंवा चारचौघांत जेवायला बसण्याचीच भीती वाटत असेल, तर रेस्तराँचा प्रश्न बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. अशा अवस्थेला 2013पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत स्वतंत्र नाव आहे, एआरएफआयडी, म्हणजे अन्न टाळण्याचा किंवा फार मोजकंच खाण्याचा विकार. त्यावर उपचार होतात.

पायरी 2 : निवड कोणाच्या हातात आहे ते बघा

"फाइन डाइनिंग" या एका नावाखाली जेवणाच्या तीन-चार अगदी वेगळ्या पद्धती येतात.

आ ला कार्त म्हणजे यादीतून तुम्ही हवं ते मागवायचं. चोखंदळ माणसासाठी ही सर्वांत सुरक्षित पद्धत. प्री फिक्स म्हणजे किंमत ठरलेली, पण प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन पर्याय. हीही बरी. टेस्टिंग मेनूमध्ये सगळं शेफ ठरवतो, 6 पासून 20 पर्यंत पदार्थ येतात आणि पुष्कळ ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनी तोच मेनू घ्यावा असा नियम असतो. ओमाकासे या जपानी शब्दाचा अर्थच मुळी "तुमच्यावर सोपवतो" असा आहे, आणि समोर बसून एकेक पदार्थ हातात ठेवणाऱ्या माणसाला नाही म्हणणं आणखी जड जातं.

टेस्टिंग मेनूची एक जमेची बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. प्रत्येक पदार्थ दोन-चार घासांचा असतो. नाही आवडला तर पाच मिनिटांत बशी उचलली जाते. आ ला कार्तमध्ये मुख्य पदार्थच चुकला तर संध्याकाळच गेली. म्हणून ज्याचा नकार थोडक्या गोष्टींना आहे आणि नव्याची धास्ती नाही, त्याला छोटा टेस्टिंग मेनू छान जमू शकतो. लांबलचक मात्र नको.

मिशलिनचे तारे बघून ठरवू नका. टायरच्या कंपनीने 1900 साली सुरू केलेली ही पुस्तिका 1926पासून तारे देते, पण तारा फक्त बशीतल्या अन्नाला असतो. तिथली माणसं तुमच्यासाठी किती बदल करतील हे ताऱ्यांवरून कळत नाही.

पायरी 3 : मेनू वाचून खुणा करा

बहुतेक रेस्तराँ मेनूचा नमुना आपल्या वेबसाइटवर ठेवतात. तो पहिल्या पायरीतल्या कागदाशेजारी ठेवून वाचा. आनंदाने खाल त्याला बरोबरची खूण, खाऊन बघाल त्याला अर्धी, आणि घशाखाली उतरणारच नाही त्याला फुली. नावापेक्षा खालचे घटक वाचा. "गाजर" एवढंच लिहिलेल्या पदार्थात गाजराच्या तीन तऱ्हा आणि शेळीच्या दुधाचं चीज असू शकतं.

मग हिशेब. एकूण किंमत ही बरोबर आणि अर्ध्या खुणांच्या बेरजेवर भागा, सगळ्या पदार्थांवर नव्हे. एका पदार्थाचा तो भाव तुम्हाला पटतो का? माझा नियम असा की तीनांतले दोन पदार्थ तरी खाण्याजोगे हवेत, आणि त्यातले निदान दोन असे हवेत की ज्यांची वाट बघावीशी वाटेल. नुसतं "चालून जाईल" अशा अर्ध्या खुणांनी भरलेल्या मेनूवर एवढा पैसा घालू नये असं माझं ठाम मत आहे. वाइनची जोडी बहुधा वेगळ्या पैशांची असते, ती यात धरू नका.

पायरी 4 : फोन करा आणि खरं सांगा

ही पायरी गाळू नका. बुकिंगच्या वेळीच बोलायचं, टेबलावर बसल्यावर नाही. यामागे शिष्टाचारापेक्षा स्वयंपाकघराची गरज आहे. तिथे रस, सॉसचे अर्क, आंबवलेल्या भाज्या यांची तयारी आदल्या दिवसापासून, कधी आठवडे आधी चालू असते. बशा पाहुण्यांच्या संख्येनुसार मोजून केलेल्या असतात. ऐन रात्री "यात कांदा नको" म्हटलं तर कांदा त्या अर्कातच उतरलेला असतो, तो काढणार कसा? दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर त्याच जागी वेगळा पदार्थ करता येतो.

मी आता असं बोलते: "मला ॲलर्जी नाही. पण बुळबुळीत आणि जेलीसारखे पदार्थ मला गिळवत नाहीत. शिंपले, कच्चा मासा, मऊ कस्टर्ड. मशरूमची चव चालते, तुकडे नकोत. तुमच्या मेनूत किती ठिकाणी अडेल?" एकदा पलीकडच्या बाईंनी "दोन मिनिटं थांबा हं, शेफना विचारते" म्हणून फोन धरायला लावला आणि परत येऊन सांगितलं, "पाचव्या आणि आठव्या पदार्थाला अडचण आहे. आठवा आम्ही भाजलेल्या बीटचा करून देऊ. पाचव्याचं कस्टर्ड काढलं तर उरलेलं चालेल का?" एवढं ऐकल्यावर मी निश्चिंतपणे पैसे भरले.

आवडनिवड आहे तिला ॲलर्जी म्हणू नका. ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात वेगळी फळी, वेगळी सुरी, वेगळं भांडं काढलं जातं, आणि तो घटक ज्यात लेशभरही आहे असं सगळं तुमच्या बशीतून जातं. कच्चा कांदा नको म्हणून "कांद्याची ॲलर्जी" सांगणाऱ्याच्या वाट्याला मेनूतले उत्तम सॉसही येत नाहीत. शिवाय ज्याला खरोखर ॲलर्जी आहे त्याच्या सांगण्याचं वजन अशाने कमी होतं.

उत्तर कसं येतं त्यावर निर्णय घ्या. "मेनूत बदल होत नाही" असं ते स्पष्ट सांगत असतील तर त्यांचा तो हक्क आहे. आभार मानून फोन ठेवा. पैसे आगाऊ घेत असतील तर रद्द करण्याची मुदत किती हेही याच फोनवर विचारून घ्या.

पायरी 5 : शंका उरली तर दुपारी जा

दुपारचा मेनू बऱ्याच ठिकाणी लहान आणि स्वस्त असतो. एक स्टार्टर, एक मुख्य पदार्थ, एक गोड. दीड तासात कळतं की तिथला हात तुमच्या जिभेला मानवतो की नाही. त्यांचा ब्रेड आणि लोणी नीट चाखा. साध्या गोष्टीत मन घालणारं स्वयंपाकघर तुमच्यासारख्या पाहुण्याला सांभाळून घेतं, असा माझा अनुभव आहे.

पायरी 6 : सोबतीशी आधी बोला

सोबत कोण आहे यावर निम्मी संध्याकाळ ठरते. "एवढ्या लांब आलोय, एक घास तरी घे" असा आग्रह चार वेळा झाला की आवडलेला पदार्थही बेचव लागतो. जाण्याआधीच सांगा: मला आग्रह करू नकोस, माझ्या बशीत उरेल ते तुझं. बिल दुसरं कोणी भरणार असेल तर यादीतल्या फुल्या त्या माणसाला आधी दाखवा, म्हणजे ऐनवेळी त्याचं मन दुखावणार नाही.

आणि तुम्ही स्वतः चोखंदळ नसून तशा माणसाला घेऊन जाणार असाल, तर त्याला "सुधारायला" नेऊ नका. नवा पदार्थ आवडू लागायला मुलांनासुद्धा तो 8-10 किंवा त्याहून जास्त वेळा चाखावा लागतो असं अभ्यासांतून दिसलं आहे. एका महागड्या रात्रीत ते घडत नाही.

टेबलावर नको असलेला पदार्थ आलाच तर "हे मला जमणार नाही, घेऊन जा" एवढं पुरे. कारण द्यायची गरज नाही आणि रुमालात लपवायची तर मुळीच नाही. घरी परतल्यावर त्याच रात्री जुन्या कागदावर नव्या नोंदी करा. त्या बीटच्या रात्रीनंतर माझ्या कागदावर एक ओळ वाढली: "भाजलेलं बीट, कडा खरपूस, आत मऊ पण बुळबुळीत नाही. सगळं खाल्लं."