चालू धंदा विकत घेताना बेरोजगारी विम्याची खाती जुळवून घ्या

अमेरिकेत चालू दुकान किंवा मोटेल कर्मचाऱ्यांसह विकत घेताना भाडेकरार आणि परवाने सगळेच तपासतात. मात्र आधीच्या मालकाचे राज्य बेरोजगारी विम्याचे खाते आपल्या नव्या खात्याशी जोडले गेले आहे का, हे क्वचितच कोणी पाहते. या विम्याचा दर मालकाच्या पूर्वानुभवावर, म्हणजे त्याच्या खात्यावर किती दावे पडले यावर ठरत असल्याने, तो इतिहास राज्याच्या नियमांनुसार आपल्याकडे येऊ शकतो. मालकी वा नियंत्रण दोन्हीकडे सारखेच असेल तर तो टाळता येत नाही. २००४ च्या संघीय कायद्याने राज्यांना तसे बंधन घातले आहे.

खरा फरक पडतो तो वर्षाच्या मध्येच झालेल्या खरेदीत. राज्याच्या विम्याखेरीज मालकाला संघीय बेरोजगारी करही भरावा लागतो आणि तो प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षातील पहिल्या ७,००० डॉलर वेतनावरच लागतो. आधीच्या मालकाने एखाद्याला ५,००० डॉलर दिले असतील, तुम्ही धंद्याची जवळपास सर्व मालमत्ता घेतली असेल आणि तो माणूस खंड न पडता कामावर राहिला असेल, तर तुमच्याकडे करपात्र उरतात फक्त २,०००. त्यासाठी फॉर्म ९४० वर, म्हणजे या संघीय कराच्या वार्षिक विवरणपत्रावर, उत्तराधिकारी मालकाच्या चौकटीत खूण करावी.

म्हणून विक्रीकरारातच आधीच्या मालकाचा राज्य खाते क्रमांक, संघीय मालक ओळख क्रमांक (EIN), हस्तांतरणाची नेमकी तारीख आणि कर्मचारीनिहाय वेतनाचा तक्ता मागून घ्यावा. व्यवहार आटोपल्यावर विक्रेता फोन उचलेलच, असे नाही.