ऑफिसचा स्वतःचा चॅट सर्व्हर बसवायचाय? रॅमचं नंतर बघू, आधी नाव ठरवा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोळी, होटगी रोड या सगळ्या पट्ट्यात टॉवेल, चादर आणि युनिफॉर्मवाल्यांची ऑफिसं आहेत, आणि बहुतेकांचं कामकाज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालतं. बायरचं डिझाइन त्यातच, रेट त्यातच, डिस्पॅचची यादी पण त्यातच. माणूस नोकरी सोडून पलीकडच्या युनिटमध्ये गेला की हे सगळं त्याच्या खिशातून जातं. म्हणून हल्ली मालक लोक विचारतात की आपला स्वतःचा चॅट सर्व्हर बसवता येतो का, आणि त्याच दमात पुढचा प्रश्न, मशीन केवढं लागेल?

मी हे काम बऱ्याच ठिकाणी केलंय, जास्त करून ओपनफायर हे चॅट सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरून, त्यामुळं खालचं सगळं त्याच्याबद्दलच आहे. नेटवर जे लेख सापडतात त्यात रॅम-प्रोसेसरचा तक्ता असतो आणि मग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. तक्ता चुकीचा नसतो, पण अडकायची जागा तिथं नाहीच, आणि जिथं अडकतं तिथं हे लेख दोन शब्दात पुढं जातात. याचा मला राग येतो, कारण ते वाचून बसवलेला सर्व्हर दोन महिन्यांनी बंद पडतो आणि लोक परत व्हॉट्सअ‍ॅपवर जातात.

मशीन

साठ-सत्तर माणसांच्या ऑफिसला २ कोर, ४ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. मजकुराचा मेसेज म्हणजे काहीच वजन नाही, जागा खातात त्या फाइली, जॅकार्डची डिझाइनं आणि सॅम्पलचे फोटो, तेव्हा एसएसडी २५० जीबीच्या खाली घेऊ नका.

कोणी ओपनफायरऐवजी रॉकेट डॉट चॅट सुचवलं आणि तुम्ही कपाटातला जुना डेस्कटॉप वापरणार असाल तर आधी प्रोसेसर बघा. त्याला मोंगोडीबी हा डेटाबेस लागतो, आणि मोंगोडीबी ५.० पासून पुढं प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (एक प्रकारच्या जादा सूचना) नसेल तर तो सुरूच होत नाही, ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून लगेच पडतो. जुन्या सेलेरॉन-पेंटियममध्ये एव्हीएक्स नसतं. रॅम वाढवून उपयोग नाही.

मशीन ठेवायचं कुठं हे कुठल्याच तक्त्यात नसतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो, त्यात पत्र्याच्या शेडमध्ये माळ्यावर ठेवलेला सर्व्हर तापणारच, आणि लूमच्या शेजारी असेल तर कापसाचे तंतू पंख्यात जाऊन नमद्यासारखा थर बसतो. अकाउंटच्या केबिनमध्ये ठेवा, टेबलाच्या वर, जमिनीवर नको. यूपीएस पाहिजेच, आणि राउटर पण त्याच यूपीएसवर घ्या, सर्व्हर चालू आणि राउटर बंद याला अर्थ नाही. जुना मशीन असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल बदलून टाका. तो संपलेला असला की लाइट जाऊन आल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं, आणि घड्याळ मागं गेलं की सर्व्हरचं सर्टिफिकेट (सर्व्हर खरा आहे हे फोनला पटवणारा डिजिटल दाखला) चुकीचं दिसायला लागतं, मग माणूस सर्टिफिकेटमध्ये दिवसभर शोधत बसतो आणि दोष असतो सेलमध्ये.

सिस्टीम आणि डेटाबेस

लिनक्समधली उबुंटूची एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती) किंवा डेबियन घ्या. ओपनफायरच्या ५ च्या मालिकेला जावा १७ लागतं, ४.८ ला ११ चालतं, नवीन बसवताय तर ५ च घ्या.

डेटाबेस विचारेल तेव्हा ‘एम्बेडेड’, म्हणजे ओपनफायरच्या आतलाच, निवडू नका. तो फक्त करून बघण्यापुरता आहे. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल टाका, म्हणजे रोज रात्री बॅकअप घेता येतो आणि उद्या दुसऱ्या मशीनवर हलवायचं झालं तर रडायची वेळ येत नाही.

नाव, इथंच खरी मेख आहे

सेटअपमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या स्क्रीनवर दोन रकाने येतात, एक एक्सएमपीपी डोमेन नेम (एक्सएमपीपी म्हणजे ओपनफायर ज्या पद्धतीनं चॅट चालवतो ती) आणि दुसरा सर्व्हर होस्ट नेम, म्हणजे मशीनचं नाव. लोक इथं दोन सेकंद पण थांबत नाहीत. मी पण थांबलो नव्हतो.

एका टॉवेलच्या युनिटमध्ये मी पहिल्यांदा बसवला तेव्हा दोन्ही रकान्यात सरळ आयपी (मशीनचा नेटवर्कमधला नंबर) टाकला, १९२.१६८.१.५०. चाललं की मस्त, चार महिने कुणाची तक्रार नाही. मग त्यांनी ब्रॉडबँडवाला बदलला, नवीन राउटर आला आणि त्याचा आयपीचा पट्टा निघाला १९२.१६८.०. सकाळी साडेनऊला फोन, ‘साहेब, सकाळधरनं चॅट चालंना झालंय ओ, सगळ्यांचंच.’ मी गेलो, सर्व्हरला नवीन आयपी दिला, सेटिंगमध्ये डोमेन बदललं, लोक लॉगिन झाले, पण प्रत्येकाच्या यादीतली माणसं करडी, म्हणजे ऑफलाइन. कारण असं की एक्सएमपीपीमध्ये माणसाचा पत्ता ईमेलसारखा असतो, आधी युजर, मग अ‍ॅटचं चिन्ह, मग डोमेन. ओपनफायर युजरच्या टेबलमध्ये नुसतं युजरनेम ठेवतो म्हणून लॉगिन होतं, पण यादीच्या टेबलमध्ये समोरच्याचा पूर्ण पत्ता असतो, डोमेनसकट. ग्रुप-चॅटच्या रूमचे मेंबर आणि अ‍ॅडमिन पण तसेच पूर्ण पत्त्यानं. म्हणजे नवीन नावाच्या सर्व्हरवर सगळे जुन्या नावाची माणसं शोधत बसले होते. शेवटी डोमेन परत जुनं केलं, नवीन राउटरचाच पट्टा १९२.१६८.१ वर आणला आणि दुपारी अडीचला ऑफिस चालू झालं. नंतर एका रविवारी बसून टेबलांमधले पत्ते एकेक तपासून बदलले. ते काम परत कुणावर येऊ नये म्हणून एवढं लिहितोय.

तर आयपी टाकायचा नाही, कधीच नाही. ‘सर्व्हर डॉट लोकल’ असलं पण नाही. डॉट लोकल हे प्रिंटर वगैरे आपोआप शोधायच्या सोयीसाठी राखून ठेवलेलं आहे, आणि त्या नावाचं सर्टिफिकेट बाहेरची कुठलीच संस्था देत नाही. खरं विकत घेतलेलं डोमेन पाहिजे. कंपनीची वेबसाइट असेलच, त्याच्या पुढं ‘चॅट’ लावा, चॅट डॉट कंपनी डॉट इन, आणि हेच नाव दोन्ही रकान्यात टाका.

काही लोक सांगतात की डोमेनमध्ये नुसतं कंपनी डॉट इन टाका म्हणजे चॅटचा पत्ता आणि ईमेल सारखाच होतो, छान दिसतं. दिसतं छान, पण मग डीएनएसमध्ये (कुठलं नाव कुठल्या आयपीवर ते सांगणारी यंत्रणा) एसआरव्ही रेकॉर्ड नावाची नोंद टाकावी लागते की या डोमेनचा चॅट अमुक मशीनवर ५२२२ पोर्टवर (नंबरच्या दारावर) आहे, आणि सर्टिफिकेट मशीनच्या नावाचं नाही तर पत्त्यातल्या डोमेनच्या नावाचं लागतं. हे शेवटचं बहुतेकांना माहीतच नसतं, ते मशीनच्या नावाचं सर्टिफिकेट काढतात आणि मग मोबाइलवर चेतावणी येते म्हणून ‘कायम स्वीकारा’ दाबायला सगळ्यांना शिकवतात. असं शिकवू नका. एकदा माणसाला चेतावणी बाजूला सारायची सवय लागली की खरोखर कुणी मध्ये बसून मेसेज वाचायला लागला तरी तो तेच बटण दाबणार. दोन्हीकडं एकच नाव ठेवलं की हा प्रश्न येतच नाही.

आता दुसरी मेख, आणि ही पहिलीपेक्षा जास्त छळते. मोबाइल ऑफिसात पण चालला पाहिजे आणि बाहेर पण. त्यासाठी ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्या. घ्यायच्या आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा, तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुम्ही त्यांच्या सामायिक आयपीच्या मागं आहात, तिथं पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आलेलं सर्व्हरकडं वळवून) काहीही उपयोग नाही, कितीही डोकं लावा.

स्टॅटिक आयपी आला, डीएनएसमध्ये नाव त्याच्यावर वळवलं, पोर्ट उघडला, झालं असं वाटतं. एका ठिकाणी डिस्पॅचचा मुलगा सांगायला लागला की वॉचमनच्या केबिनच्या पुढं गेलं की चॅट चालू होतं आणि आत आलं की बंद. कुणाचा विश्वास बसंना. मी त्याच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेलो, वॉचमनच्या केबिनपाशी वायफायची खूण गेली, मोबाइल डेटा आला आणि अडकलेले सतरा मेसेज एकदम पडले. परत आत आलो, बंद. कारण आत असताना पण नाव बाहेरच्या आयपीवर नेत होतं, आणि साधा राउटर आतून बाहेर जाऊन परत स्वतःच्याच दारातून आत येऊ देत नाही.

उपाय एकच, त्याच नावाचं आत वेगळं उत्तर द्यायचं. ऑफिसच्या डीएनएसनं चॅट डॉट कंपनी डॉट इन म्हणजे १९२.१६८.१.५० सांगायचं, बाहेरच्यानं स्टॅटिक आयपी सांगायचा. चांगल्या राउटरमध्ये ही सोय असते, नसेल तर सर्व्हरवर डीएनएसमास्क हे छोटं डीएनएसचं सॉफ्टवेअर टाका, पण मी राउटरमध्येच करा म्हणेन, नाहीतर सर्व्हर बंद झाला की अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट बंद. आणि डीएचसीपीमध्ये (राउटर सगळ्यांना आयपी वाटतो ते सेटिंग) दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकायचा मोह आवरा. लोकांना वाटतं दुसरा म्हणजे पहिला बंद पडल्यावरच वापरतात, तसं नाही, बरीच उपकरणं मनाला येईल तो वापरतात, आणि मग चॅट कधी चालतं, कधी नाही, आणि तुम्हाला काही सापडत नाही. एवढं करून एखाद्याच मोबाइलवर चालत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस बघा, जाहिराती बंद करायला कुणीतरी तिथं दुसरं नाव टाकून दिलेलं असतं.

सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्टचं घ्या, फुकट आहे, ९० दिवसांचं असतं. डीएनएसवाल्या पद्धतीनं (डोमेन आपलं आहे हे डीएनएसमध्ये नोंद टाकून दाखवून) काढा, म्हणजे ८० नंबरचा पोर्ट उघडावा लागत नाही. सर्व्हरवर टाकताना पूर्ण साखळी (आपल्या सर्टिफिकेटबरोबर ते देणाऱ्या संस्थेचं मधलं सर्टिफिकेट पण) टाका, नुसतं आपलं सर्टिफिकेट टाकलं तर विंडोजवर कदाचित चालेल, पण अँड्रॉइड अडेल. नूतनीकरण हातानं करायचा विचार पण करू नका, ओपनफायरचं सर्टिफिकेट मॅनेजर नावाचं प्लगिन आहे, ते ठरलेल्या फोल्डरमध्ये आलेलं नवीन सर्टिफिकेट उचलतं.

पोर्ट

बाहेरून ५२२२ उघडा, आणि फाइली पाठवायच्या असतील तर ७४४३. ५२६९ दुसऱ्या सर्व्हरशी बोलायला असतो, लागत नाही, बंद ठेवा.

९०९० आणि ९०९१ हे अ‍ॅडमिनचे पोर्ट बाहेर कधीही उघडायचे नाहीत, घरून बघायचं असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) लावा. २०२३ मध्ये ओपनफायरच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये सीव्हीई-२०२३-३२३१५ नावाचं भोक सापडलं, पासवर्ड नसताना बाहेरचा माणूस आत शिरून स्वतःचा अ‍ॅडमिन तयार करू शकत होता. ४.६.८ आणि ४.७.५ मध्ये ते बुजवलं, पण ज्यांनी ९०९० जगाला उघडा ठेवला होता त्यांच्यासाठी तोपर्यंत उशीर झालेला असू शकतो. कुणी जुना सर्व्हर तुमच्या हातात दिला तर पहिल्यांदा व्हर्जन बघा आणि अ‍ॅडमिनच्या यादीत अनोळखी नाव आहे का ते बघा.

माणसं आणि फाइली

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजमधली युजरची एकत्र यादी) असेल तर एलडॅपनं (ती यादी वाचायच्या पद्धतीनं) जोडा, नसेल तर युजर हातानं बनवा, सत्तर नावं म्हणजे एका दुपारचं काम. स्वतःचं खातं स्वतः उघडायची सोय बंद आहे ना ते तपासा. डिपार्टमेंटचे ग्रुप सर्व्हरवरून शेअर करा, म्हणजे नवीन माणूस आला की त्याला सगळे आपोआप दिसतात.

एचटीटीपी फाइल अपलोड आणि मॉनिटरिंग सर्व्हिस ही दोन प्लगिन टाका. फाइली कुठल्या फोल्डरमध्ये साठतात ते स्वतः ठरवा आणि तो फोल्डर बॅकअपमध्ये घ्या. दुसऱ्या प्लगिननं मेसेजचा इतिहास राहतो, आणि तो राहतो हे लोकांना पहिल्याच दिवशी सांगा, लपवून ठेवू नका, माणसं त्यात घरचं पण बोलतात.

चॅट करायला कॉम्प्युटरवर स्पार्क टाका, अँड्रॉइडवर कन्व्हर्सेशन्स. मोबाइलमध्ये त्या अ‍ॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करून द्या, हे प्रत्येकाच्या हातातून फोन घेऊन स्वतः करा, सांगून कुणी करत नाही.

मालकाला चालू करून दाखवायच्या आधी

वायफायवर एक मेसेज पाठवा, मग फोन घेऊन गेटच्या बाहेर जा, तिथून एक पाठवा, परत आत येऊन एक. तिन्ही लगेच पोचले पाहिजेत. मग सर्व्हर नीट शटडाउन करा, यूपीएस बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि यूपीएस परत चालू करा. सर्व्हरला हात न लावता, कुठलंही बटण न दाबता तो स्वतःहून चालू होऊन लोक लॉगिन झाले पाहिजेत. चालू होत नसेल तर बायोसमध्ये पॉवर आल्यावर आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असतं ते चालू करा आणि परत एकदा यूपीएस बंद करून बघा.