कासा व्हॉलंटियर व्हायचंय? ट्रेनिंगमधली एक गोष्ट नीट समजून घ्या

अमेरिकेत घर सुरक्षित नाही म्हणून मुलांना आईबापांपासून काढून तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवतात, ते फॉस्टर केअर. अशा मुलाला भेटून, त्याच्या भल्याचं काय ते कोर्टाला सांगायला कोर्टच नेमतं तो स्वयंसेवक म्हणजे कासा (CASA, कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट). कासा व्हॉलंटियर व्हायला 30 तासांचं ट्रेनिंग, बॅकग्राउंड चेक, जजसमोर शपथ, वकिलीची डिग्री नको, हे सगळं तुम्ही वाचलंच असेल. 1977 मध्ये सिअ‍ॅटलच्या जज डेव्हिड सूकप यांनी हे सुरू केलं, कारण मुलाच्या आयुष्याचा निकाल द्यायचा आणि त्या मुलाबद्दल पुरेशी माहितीच समोर नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं.

आता खरी अडचण. मिनिमम सफिशियंट लेव्हल ऑफ केअर. मूल घरी परत जावं का, हे ठरवताना प्रश्न एवढाच असतो की आईबाप किमान पुरेसं सांभाळतील का, म्हणजे खाणंपिणं, निवारा, सुरक्षितता, शाळा, औषधपाणी. कुठलं घर जास्त चांगलं, हा प्रश्नच नाही! ऐकायला सोपं वाटतं, पण मला अजूनही जड जातं. आपण आपल्या मुलांना वेगळी खोली, कुमॉन, स्विमिंग सगळं देतो, आणि मग एका बेडरूमच्या भाड्याच्या घरात तीन मुलं बघितली की पोटात कालवतं, आणि फॉस्टर होमला मागे छान अंगण असतं, मन तिकडेच ओढ घेतं. तिथेच थांबा. फ्रिजमध्ये दूध, अंडी आहेत का? मुलाचा इनहेलर कुठे आहे ते आईला न शोधता सांगता येतं का? ते बघा. सोफा फाटलेला असला तर असू दे. अर्थात मुलाला मार बसत असेल, जिवाला धोका असेल, तर तेही तितकंच स्पष्ट लिहायचं, गरिबी म्हणून झाकायचं नाही.

आणि घड्याळ चालू असतं हे विसरू नका. 1997 च्या फेडरल कायद्याप्रमाणे मागच्या 22 महिन्यांतले 15 महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असेल तर, काही अपवाद सोडून, आईबापाचे हक्क संपवायचा अर्ज मुलांची जबाबदारी असलेल्या सरकारी एजन्सीला कोर्टात करावा लागतो. म्हणून आई व्यसनमुक्तीच्या प्रोग्रॅमसाठी वेटिंग लिस्टवर अडकली असेल तर ते तुम्ही कोर्टाला देता त्या रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे, नाहीतर कोर्टाला वाटणार तिने प्रयत्नच केले नाहीत.

रिपोर्टमध्ये 'आई बेफिकीर आहे' लिहू नका. 'मंगळवारच्या भेटीला आई 40 मिनिटं उशिरा आली, बस चुकली म्हणाली, उरलेला वेळ मुलीचा होमवर्क घेतला' असं लिहा. मुलाची इच्छा तुमच्या मताच्या उलट असली तरी तीही लिहायची. एजन्सीच्या केसवर्करच्या नोट्सवरून रिपोर्ट उतरवून काढणारे लोक मला अजिबात पटत नाहीत, मग तुम्ही कशाला हवे? कासाचा सुपरव्हायझर मात्र गोड बोलणारा नको, तुमच्या ड्राफ्टवर लाल खुणा करणारा मिळाला तर नशीब समजा.

घाबरू नका, केस एका वेळी एक, फार तर दोन असतात आणि अडलं की सुपरव्हायझरला फोन करता येतो. इंग्लिशच्या अ‍ॅक्सेंटची तर काळजीच सोडा, मुलं तुम्ही पुढच्या महिन्यात परत येता की नाही ते बघतात. फक्त गुप्तता पाळा, मंडळाच्या गणपतीत नाव न घेतासुद्धा केसबद्दल बोलायचं नाही, आपली माणसं दोन मिनिटांत अंदाज बांधतात.

आणि केस बंद होईपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष किंवा जास्तही, थांबणं जमणार नसेल, इंडियाला परत जायचा विचार चालू असेल, तर शपथ घ्यायच्या आधीच सांगून टाका.