आधी मागची पकड, मग पॉवर

रिअर-व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या) गाडीचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, रीमॅपने (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून) वाढवला की पहिल्या-दुसऱ्या गिअरला मागची चाकं जागीच फिरतात. म्हणून खर्च आधी टायरवर. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर पावसात कडक झालेला टायर रुंद असला तरी घसरतोच. ट्रेड, म्हणजे टायरच्या खाचांची खोली, 3 मिमीवर आला की टायर बदला. पकडीसाठी हवा उतरवायची सवय पावसाळ्यात घातकच: टायर पाणी कापत नाही, वर तरंगतो. हवेच्या दाबाचा कंपनीचा आकडा पाळा, तोही टायर गार असताना. मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरची कड आत) उणे 1 ते 1.5 अंश पुरे, सोबत किंचित टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळवलेल्या). मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड केलात तर वळणावर आतलं चाक हलकं होतं आणि ओपन डिफरन्शियलमुळे (दोन चाकांत ताकद वाटणारा, पण मोकळं फिरणारं चाक न रोखणारा गिअरसंच) ताकद तिथेच वाया जाते. इथे एलएसडीच (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, जो एकच चाक मोकळं फिरू देत नाही) हवा. तरीही चाकं फिरली, तर खालच्या दोन गिअरचा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) कमी करून घ्या.