शॅमेलिऑन आणायचाय? आधी पाणी आणि उजेड बघा

डॅलसजवळ प्लेनोमध्ये आम्ही राहतो आणि आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बाजीराव राहतो. डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा आहे म्हणून हे नाव. तो व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात, मूळची येमेन आणि सौदीच्या नैर्ऋत्य भागातली. ओळखीच्या घरातलं कुठलंतरी पोर त्याला बघून जातं आणि दोन दिवसांत आईचा फोन येतो, ‘अगं, कुठून आणलास?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: कुठून ते नंतर सांगते, आधी पिंजरा लाव.

भारतातून विचारणाऱ्यांना मात्र मी सरळ नाही म्हणते. आपल्याकडचा शॅमेलिऑन म्हणजे घोयरा सरडा, तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. परदेशी जातींनाही नोंदणीचे नियम आहेत. बागेत दिसला तर फोटो काढा आणि त्याला जाऊ द्या.

अमेरिकेत असाल तर आपल्या राज्याचा नियम बघून घ्या. हवाईत व्हेल्ड पाळायला बंदी आहे, आणि फ्लोरिडात सुटलेल्या शॅमेलिऑनांनी रानात संसार थाटलेत. पहिल्यांदा पाळताय तर व्हेल्डच घ्या, आणि नरच घ्या. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन रंगाने देखणा, पण किंमतही तशीच. मादीचं कारण पुढे सांगते. नर ओळखणं सोपं: मागच्या पायाच्या टाचेवर बारीक गाठ असते, अंड्यातून बाहेर पडल्यापासून. पिल्लू तीन महिन्यांच्या पुढचं असावं आणि पाळीव जोडीचंच असावं. रानातून धरून आणलेल्यांच्या पोटात बहुधा जंत असतात. डोळे टपोरे आणि सतत फिरते हवेत, पाय सरळ हवेत, फांदीवरची पकड घट्ट हवी. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेलं पिल्लू दुकानदाराने अर्ध्या किमतीत दिलं तरी घेऊ नका.

पिंजरा जाळीचा. काचेच्या टाकीत हवा कोंडते. मोठ्या नराला २ फूट लांब, २ फूट रुंद, ४ फूट उंच एवढी जागा लागते. तो झाडावरचा प्राणी, त्यामुळे उंचीत काटकसर करू नका. आत मनी प्लांट आणि जास्वंद लावा, फवारे न मारलेली. नर्सरीतून आणलेली रोपं धुऊन घ्या. व्हेल्ड पानंही खातो, म्हणून प्लॅस्टिकची पानं टाळाच. आडव्या, वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या बांधा. तळाला काही पसरू नका, साफ करायला सोपं जातं आणि माती-भुसा पोटात जाण्याची भीती राहत नाही. पिंजरा एसीच्या झोतापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. आपल्या फोडणीच्या धुरात त्याला बसवायचं काही कारण नाही. हे सगळं लावून आठवडाभर तापमान मोजा आणि मगच प्राणी आणा.

आता पाणी. शॅमेलिऑनला वाटीतलं साचलेलं पाणी सहसा कळतच नाही. रानात तो पानांवरचे थेंब चाटतो. म्हणजे पानांवर थेंब पाडणं तुमचं काम. सकाळी दिवे लागायच्या आधी आणि संध्याकाळी दिवे मालवल्यावर दोनेक मिनिटं बारीक फवारा, आणि दुपारी वरून ठिबकणारं एक भांडं. टायमरवर चालणारं फवारायंत्र महाग वाटतं, पण पहाटे उठून बाटली दाबत बसण्यापेक्षा परवडतं. मधल्या वेळात पिंजरा कोरडा झालाच पाहिजे. दिवसभर दमट राहिला तर छातीचे आजार होतात. रात्री ओलावा वाढलेला चालतो, उलट बराच असावा. पाणी पुरेसं मिळतंय का हे त्याच्या विष्ठेवरून कळतं: सोबतचा घट्ट भाग पांढरा असला तर ठीक, गडद पिवळा-नारिंगी झाला तर तो तहानलेला आहे.

उजेडासाठी दोन वेगळे दिवे लागतात, आणि दुकानात एकातच भागवायचा सल्ला देणारा भेटला तर हसून पुढे जा. एक साधा उष्णतेचा बल्ब, ज्याच्याखालची फांदी २९ ते ३१ अंश सेल्सियस राहील. पिल्लाला दोन अंश कमी. दुसरी यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी, लांब टी-फाइव्ह नळी (टी-फाइव्ह म्हणजे बारीक ट्यूबलाइट). तिच्याशिवाय अंगात डी जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत जात नाही आणि पाय वाकतात. नळी वरच्या फांदीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर हवी. ती उजळलेली दिसते म्हणून चांगली आहे असं समजू नका. यूव्हीबी आधी संपतं, म्हणून वर्षाला बदला. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. आम्ही वसंतात सकाळी बाजीरावला जाळीच्या पिंजऱ्यासकट अंगणात नेतो, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून. टेक्सासच्या जुलैमध्ये हा लाड बंद. दिवे बारा तास, रात्री पूर्ण अंधार. लाल-निळे रात्रीचे बल्ब विकत घेऊच नका. रात्री घर १८-२० अंशांवर आलं तर त्याला बरंच वाटतं.

खाण्याचा विषय निघाला की आमच्या सासूबाई पदर तोंडाला लावतात. ‘जन्मभर झुरळं मारली गं, आता विकत आणून पोसायची?’ हो, पोसायची. रातकिडे, डुबिया झुरळं, रेशमाचे किडे आलटून पालटून. घरात चालणार नसेल तर शॅमेलिऑनचा विचार सोडा, त्याला केवळ भाजीपाल्यावर ठेवता येत नाही. डुबियांची एक गोष्ट चांगली: गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही आणि रातकिड्यांसारखी रात्रभर किरकिर करत नाहीत. किड्याची रुंदी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको. पिल्लाला रोज पोटभर, मोठ्याला एक दिवसाआड चार-पाच. किड्यांना आदल्या दिवशी मोहरीची पानं, गाजर, रताळं खायला घाला. शेवटी ते बाजीरावच्याच पोटात जातं. डी३ जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियमची पूड जवळजवळ प्रत्येक वेळी किड्यांना चोळा, डी३ आणि अ जीवनसत्त्व असलेलं मिश्रण महिन्यातून दोनदाच. जास्त झालं तरी त्रास होतो. न खाल्लेले रातकिडे रात्री आत राहू देऊ नका, ते झोपलेल्या सरड्याला चावतात.

मुलांना हे आधी सांगा: हा मांडीवर घ्यायचा प्राणी नाही. वरून हात आला की त्याला शिकारी पक्षीच आठवतो. हात खालून, फांदीसारखा पुढे धरा. आला तर आला. दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात कधीच नकोत, आणि समोर आरसाही नको. रंग मागच्या भिंतीप्रमाणे बदलतो हा गैरसमज मुलांच्या आधी मोठ्यांचा काढावा लागतो. तो बदलतो मनःस्थितीप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे. त्वचेतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर कमी-जास्त होऊन पँथर शॅमेलिऑनचा रंग पालटतो, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. घरात एवढं ध्यानात ठेवा: सकाळी काळपट दिसला तर ऊन शोषतोय, तोंड वासून बसला तर बहुतेक उकडतंय, आणि दिवसभर काळा पडून डोळे मिटले तर डॉक्टर. नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर बहुधा उपयोगाचा नाही; सरपटणारे प्राणी बघणारा आधीच शोधून ठेवा आणि पहिल्याच महिन्यात विष्ठेची तपासणी करून घ्या. हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं, पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू असू शकतो.

मादीबद्दल. ती नराशिवायही अंडी घालते, एका वेळी कित्येक डझन. त्यासाठी तिला फूटभर खोल ओलसर वाळूचं घमेलं लागतं आणि घालताना कुणी बघत नाही अशी खात्री लागते. जागा मिळाली नाही तर अंडी अडकून ती मरते. खाणं आणि उष्णता थोडी कमी ठेवली की अंडी कमी होतात. नर सहा ते आठ वर्षं जगतो, मादी त्याहून कमी.

सुट्टीत भारतात जायचं असेल तर तिकिटांच्या आधी माणूस शोधा. फवारा टायमर सांभाळेल, दिवे टायमर सांभाळेल, झुरळं मात्र कुणीतरी हातानेच टाकावी लागतात. आमच्या शेजारच्या तमिळ काकू हे काम आनंदाने करतात, पण डबा त्यांच्या गॅरेजमध्ये ठेवायचा, घरात आणायचा नाही, या अटीवर.