खान्देशच्या उन्हात टिकेल असा पहिला अ‍ॅम्प्लिफायर: काय वाचावं, काय तपासावं

तयार सर्किट शोधत बसण्याआधी आयसीची डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडा. ती फुकट मिळते. टीडीए २०३० या ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आयसीच्या डेटाशीटमध्ये सर्किट तर असतंच, शिवाय कुठला रेझिस्टर किंवा कपॅसिटर सांगितल्यापेक्षा मोठा-लहान घेतला तर काय होईल, याचा तक्ताही असतो. नवख्यासाठी याहून चांगला धडा नाही. उदाहरणार्थ, गेन (सिग्नल किती पटीने वाढतो ते) २४ डेसिबलच्या खाली नेला तर हा आयसी ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करू लागतो, आणि काहीही न वाजवता तापतो. फीडबॅकला २२ किलोओहम आणि ६८० ओहमची जोडी ठेवा, म्हणजे गेन सुमारे ३० डेसिबल राहतो.

मात्र तिथले बरेच आकडे २५ अंशांचे असतात. जळगाव-भुसावळचा मे ४५ अंशांचा, बंद कॅबिनेटमध्ये आणखी दहा धरा. ±१२ व्होल्ट आणि ४ ओहमच्या स्पीकरवर एका आयसीत जास्तीत जास्त ७.३ वॅट उष्णता होते. आतली चिप १२५ च्या आत ठेवायची, तर ५५ वरून हाताशी ७० अंश उरतात, म्हणजे वॅटमागे ९.६ अंश. त्यातले ३ आयसीचे, १ आयसी आणि हीटसिंकमधल्या अभ्रक आणि पेस्टचा. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) वाट्याला साडेपाच. २५ अंशांचा हिशेब धरून वॅटमागे पावणेदहा अंशांचा छोटा हीटसिंक लावला, तर दुपारी आवाज अचानक बंद होतो आणि गार झाल्यावर परत येतो. अशा वेळी आयसी बदलू नका, थर्मल प्रोटेक्शन त्याचं काम करतंय. अभ्रक मात्र विसरू नका: या आयसीची धातूची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते, हीटसिंक कॅबिनेटला टेकला की शॉर्ट.

दुकानात १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर हमखास पुढे केला जातो. शेतपंप बंद असताना लाइन २५० व्होल्टवर गेली, तर बिनलोड सप्लाय ±१८ च्या पुढे जातो, आणि टीडीए २०३० ची मर्यादाच तेवढी. ९-०-९, २ अँपिअर घ्या; डीसी झाल्यावर त्यातून वर धरलेले सुमारे ±१२ मिळतात. फिल्टर कपॅसिटर १०५ अंशांचेच.

गुणगुण येत असेल तर मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप लावा. १०० हर्ट्झ ठळक दिसलं तर रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार: कपॅसिटर कमी पडतोय किंवा स्पीकरचा ग्राउंड इनपुटच्या ग्राउंडमधून फिरतोय. ५० दिसलं तर इनपुट वायर आणि ग्राउंड लूप तपासा.

बाकी साधनं थोडक्यात. सर्किट आधी संगणकावर एलटीस्पाइसमध्ये चालवून बघा, पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) आखायला कीकॅड, दोन्ही मोफत. थिअरी कच्ची असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमातली अ‍ॅनालॉग इलेक्ट्रॉनिक्सची व्याख्यानं. रेझिस्टर-कपॅसिटर जळगाव-धुळ्यात मिळतात, नेमके आयसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. पण हात बसवायचा तर लग्नसराई संपल्यावर साउंडवाल्यांची मशिनं दुरुस्त करणाऱ्या कारागिरापाशी बसा. जळालेला बोर्ड वाचायला तिथेच शिकता येतं.

पहिल्यांदा सप्लाय देताना ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सच्या बाजूला ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच पेटून राहिला तर बंद करून शॉर्ट शोधा. मग स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजा. १०० मिलिव्होल्टच्या वर असेल, तर स्पीकर जोडू नका.