पोषण शिकवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हायस्कुलांत पोषणाचा धडा बहुधा तक्त्यावरच उरकतो. कुठल्या जीवनसत्त्वाने काय होतं ते मुलांना पाठ असतं. डबा उघडल्यावर मात्र ती वास घेतात आणि जेवतात.

वासावर विसंबू देणं ही सगळ्यात मोठी चूक. भात शिजला तरी बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की जंतू वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष फोडणी दिली तरी जात नाही. चवीला काही कळत नाही. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. तेव्हा ‘शिळं खाऊ नका’ असं मोघम सांगू नका. रात्रीचा भात पातेल्यातच राहिला, की परातीत पसरून लगेच गार करून फ्रिजमध्ये गेला, हे विचारा. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. थर्मामीटर नसला तर घड्याळ आहेच: शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर नको. सकाळी सातला भरून दुपारी दीडला उघडायच्या डब्यात मग भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी भातापेक्षा बरी.

शेंगांचंही एक आहे. बुरशी आलेले दाणे ‘भाजले की चालतात’ असं मुलं घरून ऐकून येतात. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून पुरतं जात नाही; पावसाळ्यात ओल धरलेले, काळे-हिरवे पडलेले दाणे सरळ टाकायचे.

लोहाच्या गोळीबद्दल तक्रार ठरलेली: मळमळतं. गोळी उपाशीपोटी घेतली की असं होतं. शाळेत अक्षर दासोहाचं (कर्नाटकातल्या मध्यान्ह भोजन योजनेचं) जेवण असेल तर ते झाल्यावर द्या, आणि शौच काळसर होईल हे आधीच सांगा, नाहीतर मुली घाबरून गोळी बंद करतात. जेवणावर लगेच चहा नको, लोह कमी शोषलं जातं. लिंबू पिळलेलं चांगलं.

वर्गासमोर वजनं घेऊ नका. का, ते सांगायला हवं का?

आणि पाकिटावरचे घटक वाचायला लावा. ज्याचं वजन जास्त ते आधी छापतात. बिस्किटाच्या पुड्यावर साखर कितवी येते, ते मुलांनीच शोधू दे. तक्त्यापेक्षा हा तास जास्त गोंगाटाचा होतो, पण होऊ दे.